डाव्या लाइटचा अर्थ

पहिल्यांदा त्याने मला हात केला तेव्हा माझ्या तोंडात मेथीच्या पराठ्याचा मोठा घास होता. प्रेमकथेची सुरुवात अशी होऊ नये असं मला आजही वाटतं, पण झाली खरी. आर्वीहून तळेगावकडे जाताना एका वांग्याच्या शेतासमोर स्पीडब्रेकर आहे. तिथे ना शाळा, ना वस्ती. कोणी आणि का घातला देव जाणे. मी गाडी हळू केली. डिसेंबरची सकाळ, तुरीच्या शेतांवर पातळसं धुकं, आणि कडेला वांग्यांचे क्रेट रचून उभा असलेला एक उंच, सावळा मुलगा. गळ्यात मफलर. त्याने माझ्याकडे पाहिलं, उजवा हात वर केला आणि पाचही बोटं मिटली... उघडली... मिटली... उघडली.

मी घास कसाबसा गिळला आणि हात हलवला. गाडी ब्रेकरवरून दाणकन उतरली. तो एकदम दचकला. मग मफलरमध्ये नाक खुपसून असा काही हसला, की पुढचे दोन गिअर मी चुकीचे टाकले.

आता माझ्याबद्दल सांगते. मी डॉक्टर काजल, जनावरांची. तळेगावच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली होती आणि रोज जायला-यायला मी एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. चालवायला शिकवलं बाबांनी. बाबा, म्हणजे रूपराव, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. अजूनही घराच्या दारातून बाहेर पडताना आधी डावीकडे, मग उजवीकडे बघतात.

आणि रस्त्याने सगळेच मला हात करायचे. मोटरसायकलवाले, ट्रकवाले, बैलगाडीत बसलेले आजोबा, सगळे. तीच पद्धत – बोटं मिटायची, उघडायची. मला वाटलं, या भागातला टाटा असाच असेल. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी एका म्हशीचं अडलेलं रेडकू सोडवलं होतं. बातमी पसरली असणार, अशी माझी पक्की समजूत झाली. मी काच खाली करून, निवडून आलेल्या माणसासारखी, सगळ्यांना सावकाश हात हलवत जायची. एक-दोघांनी कपाळावर हात मारून घेतला, तोही मी नमस्कारच धरला.

पण त्याचा हात वेगळा होता. बाकीचे हात करून आपल्या वाटेने जात. हा हात करायचा आणि मग मी ब्रेकरवरून उतरेपर्यंत श्वास रोखून बघत राहायचा. मी उतरले, की सगळी वांगी एका दमात विकली गेल्यासारखा त्याचा चेहरा खुलायचा. मी पराठा ते वळण यायच्या आधीच संपवायला लागले. ओढणी इस्त्रीची घ्यायला लागले. ज्या दिवशी तो दिसायचा नाही, त्या दिवशी दवाखान्यातल्या बैलांनासुद्धा माझा स्वभाव कळायचा.

घरी एक वेगळंच प्रकरण चालू होतं. सेलूला माझी मावशी राहते आणि तिने एक स्थळ आणलं होतं. इंजिनिअर मुलगा. मुलगा चांगला होता, त्यात वाद नाही. फोटोत त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा चांगली होती. आई रोज विचारायची, मी रोज म्हणायची, "थांब ना, कामं आहेत." कामं कसली? पाच बोटं होती फक्त, मिटणारी आणि उघडणारी. त्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, आणि मी इंजिनिअर थांबवून ठेवला होता.

मग एक दिवस तो दवाखान्यात आला. सोबत शेळी.

"काय होतंय हिला?" मी विचारलं. आवाज डॉक्टरचा ठेवला, पण तो मधेच जरा सरकला.

"काई नाई."

"खाते नीट?"

"लय खाते."

"मग आणलीत कशाला?"

त्याने शेळीकडे बघितलं. शेळीने माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि डिसेंबर खायला घेतला.

"बिमार पडल्यावर तं सगळेच आणतात, मॅडम," तो म्हणाला. "मी म्हटलं, चांगली हाय तवर एकडाव दाखवून ठेवावं."

"नाव?"

"सुंदरी."

"तुमचं."

"हा... माहं... धर्मेंद्र."

नाव धर्मेंद्र, आणि ते सांगताना माणूस शेळीच्या मागे लपायला बघत होता. मी सुंदरीला तपासलं. कान, जीभ, खूर, पुन्हा कान. इतकी निरोगी शेळी इतका वेळ कोणी तपासली नसेल. त्याने सांगितलं की त्याने शेतीचंच शिक्षण घेतलंय, नोकरी सोडून आईसोबत भाजी लावतो, आणि वांग्याला थंडी मानवते. वांग्याबद्दल मी एवढ्या आवडीने कधी काही ऐकलं नव्हतं.

निघताना तो दारात घुटमळला. "एक विचारू का, मॅडम? रोज सकाळी तुम्ही ते... करता. घरी कोणी काई म्हणत नाई?"

"त्यात म्हणण्यासारखं काय आहे? तुम्हीही करताच की."

"मी तं साधं हातानं करतो."

"मीही हातानंच करते."

"हातानं करता ते येगळं." त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अन् ते दुसरं?"

"दुसरं कोणतं?"

"जाऊ द्या... चारचौघात बोलायची गोष्ट नाई ते," असं म्हणून त्याने टेबलावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवीगार जुडी ठेवली आणि शेळीला ओढत निघून गेला. जाताना मागे वळून पुन्हा एकदा हसला.

दुसरं म्हणजे काय, हे मला कळेना. हातात सांबाराचा वास, डोक्यात ते 'दुसरं'. शेवटी मी ठरवलं की माझं हसणं असणार. आरशात हसून बघितलं. चारचौघात बोलू नये इतकं काही ते मला वाटलं नाही, पण बघणाऱ्याची नजर असते ना.

त्यानंतरच्या रविवारी आई सेलूला मावशीकडे गेली होती, स्थळाचं आता काय ते पक्कं करायला. मी आणि बाबा अंगणात चहा घेत होतो. फाटक वाजलं. खांद्यावर भरलेली पिशवी घेतलेली एक ठेंगणी, ठसठशीत बाई आत आली.

"जयभीम, भाऊ."

"जयभीम. या, बसा," बाबा म्हणाले.

ती बसली नाही. पिशवी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं. "मी चतुराबाई. धर्मेंद्रची माय. तळेगावच्या अलीकडे आमचं वावर हाय. मले आडवंतिडवं बोलता येत नाई, भाऊ. तुमची पोरगी माह्या पोराले रोज सकाळी डोळा मारते."

बाबांचा चहा बशीत आला, बशीतून धोतरावर आला.

"दोघायचंबी मन हाय," चतुराबाई पुढे म्हणाल्या, "तं रस्त्यावर कायले? मांडव टाकून देऊ म्हटलं. पोरगा तं लाजते. म्हणून मीच आली."

"काजल," बाबा म्हणाले. एसटी घाटात बंद पडल्यावर ते असेच हळू बोलत असतील.

"मी? डोळा?" माझं तोंड उघडं राहिलं. "अहो मावशी, मले डोळा मारताच येत नाई. एक मिटला की दोन्ही मिटतात. हे पाहा." मी करून दाखवलं. दोन्ही मिटले.

"हे खरं हाय," बाबांनी साक्ष दिली. "लहानपणापासून तिचं असंच हाय."

"तू नाई मारत वं पोरी. गाडीनं मारते."

"गाडीनं?"

"ब्रेकरवर आली का डाव्या लाइटीनं. एकडावच. हळूच. उजवी लाइट सरळ पाह्यते, डावी मिटते अन् उघडते. मी माह्या डोयानं पाह्यलं. दुसरी कोणतीच गाडी माह्या पोराले असं करत नाई."

बाबा उठले. चपलासुद्धा न घालता गाडीकडे गेले, चावी फिरवली, गाडी सुरू केली आणि पुढे येऊन उभे राहिले. भर उन्हात दोन्ही लाइट लागलेले होते. त्यांनी बटण बघितलं. बटण बंद होतं. लाइट चालूच. मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवून गाडीला एक हिसका दिला. डावा लाइट मिटला... आणि उघडला. अगदी चतुराबाईंच्या तोंडासमोर.

"हे पाहा," चतुराबाई म्हणाल्या. "आता मले मारला."

बाबांनी पुन्हा हिसका दिला. फाटकासमोरून शेजारचे अण्णाजी सायकलवर चालले होते, या वेळी त्यांना मारला. अण्णाजी सायकलवरून उतरले.

"बटन कामातून गेलं हाय, म्हून लाइट बंदच होत नाई," बाबांनी वाकून बघत निदान केलं. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका आनंदी मी बघितला नव्हता. "अन् डावीकडचा अर्थ लूज हाय. अर्थिंगची वायर गंजली. झटका बसला का सुटते अन् पुन्हा लागते. लाइटले अर्थच नाई भेटून राह्यला."

चतुराबाई गाडीकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या, हळूच.

"म्हंजे... याले काई अर्थच नाई?"

"नाई ना, बाई," बाबा वायर हातात धरून म्हणाले. "अजिबात नाई."

बाबा वायरीबद्दल बोलत होते हे मला कळत होतं. तरी मी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"पण काऊन वं काजल," बाबांना आता वेगळीच शंका आली, "दिवसा लाइट चालू ठेवून फिरतं तं रस्त्यानं कोणी सांगितलं नाई तुले? लोक हात करतात ना, असा—" आणि त्यांनी उजवा हात वर करून पाचही बोटं मिटली, उघडली, मिटली, उघडली.

मी मटकन पायरीवर बसले. मोटरसायकलवाले गेले. ट्रकवाले गेले. बैलगाडीतले आजोबा गेले. म्हशीचं रेडकू मी सोडवलं होतं हे कोणाला माहीत नव्हतं, आणि मी तालुकाभर काच खाली करून आशीर्वाद देत फिरत होते. तेही मी सहन केलं असतं. पण वांग्याच्या शेतासमोरचा तो हातसुद्धा तोच होता. लाइट चालू आहे, एवढंच. त्यापलीकडे काही नाही.

चतुराबाई उठल्या. "चुकलं माहं, भाऊ. पोराले सांगतो मी."

"तुमची पिशवी राहिली," मी कशीबशी म्हणाले.

"राहू दे पोरी. वांग्यायची काई चूक नाई." आणि त्या गेल्या.

दुपारभर बाबा गाडीखाली होते. बटण बदललं, वायर घासली, बोल्ट आवळला. "घे, भेटला अर्थ," असं म्हणून त्यांनी हात पुसले. तेवढ्यात सेलूहून आईचा फोन आला. मुलाकडच्यांना सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. त्यांच्याकडे दुसरंही स्थळ चालून आलं होतं.

"काय सांगू?" बाबांनी विचारलं.

"उद्या सांगते," मी म्हणाले आणि आत जाऊन मनसोक्त रडले. मला तो आवडत होता. आता अर्थ नाही म्हटल्यावर तो आवडणं थांबायला हवं होतं, आणि ते थांबत नव्हतं.

सोमवारी सकाळी रस्त्याने एकाही माणसाने मला हात केला नाही. गाडी दुरुस्त झाली आणि माझी लोकप्रियता संपली. स्पीडब्रेकर आला. कडेला क्रेट होते, माणूस नव्हता. मी ब्रेकरवरून उतरले, गाडी आज्ञाधारकपणे सरळ बघत राहिली. जरा पुढे गेले. मग गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि खाली उतरले. संध्याकाळी मला उत्तर द्यायचं होतं, आणि एका लूज वायरीवरून मी माझं आयुष्य ठरवणार नव्हते.

शेतात चतुराबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी हनुवटीनेच दाखवलं. "तिकडं हाय, मोटरीच्या खोलीत. सकाळपासून मोटर बिघडली म्हणते. मोटर तं चालू हाय, पाट भरून पाणी चाललं."

तो खोलीच्या दारात पान्हा घेऊन बसला होता. मला पाहून उठला, पान्हा पायावर पडला.

"मॅडम... माफ करा. मायले मी जाय म्हटलं नवतं." तो पाय चोळत थांबला. "म्हंजे... नको जाऊ असंबी नाई म्हटलं."

"तुम्ही मला हात करत होता. त्याचा अर्थ काय होता?"

"पह्यल्या दिवशी? लाइट चालू हाय, असा."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीबी चालूच होता ना, मॅडम."

मला त्याच पान्ह्याने त्याला मारावंसं वाटलं. "म्हणजे रोज लाइटच? बरं झालं कळलं. येते मी."

मी वळले. मागून तो घाईघाईने म्हणाला, "पण आमचा माल नेणारी पिकअप तुम्ही गेल्यावर लय वेळानं येते."

मी थांबले.

"क्रेट घेऊन एवढ्या लवकर कोणी उभं राह्यत नाई," तो म्हणाला. "थंडीत तं नाईच. पह्यल्या दिवशी मी चुकून उभा होतो. दुसऱ्या दिवशीपासून चुकून नाई."

ओलसर मातीचा वास येत होता. पाटातलं पाणी वांग्यांमधून खळखळत चाललं होतं.

"मग लाइट बंद करा, असं एकदाही तोंडाने का नाही सांगितलं? दवाखान्यात आला होता की शेळी घेऊन."

"मले वाटलं, तुम्ही तो त्याच्यासाठीच चालू ठेवता." तो खाली बघत म्हणाला. "डोळा मारायले. बंद करा म्हटलं असतं, तं मंग राह्यलं काय माह्याजवळ?"

मला हसू आलं. मग रागही आला, आणि राग आला की माझी ऑफिसची भाषा कुठल्या कुठे जाते.

"मी सेलूचा इंजिनिअर थांबवून ठेवला हाय," मी म्हणाले. "इतके दिवस. तुमच्या एका हातासाठी. आज संध्याकाळी त्यायले उत्तर द्यायचं हाय, अन् तुम्ही मले म्हणता लाइट चालू होता?"

त्याने मान वर केली. "हे... आता हे..."

"गाडी तिकडं रस्त्यावर उभी हाय. बंद. चावी माह्या हातात हाय. हे गाडी नाई बोलत. मी बोलून राह्यली. मले तुम्ही आवडता."

धर्मेंद्रने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा ताठ उभा राहिला.

"मलेबी," तो म्हणाला. "लय आवडता. डॉक्टर हाय म्हून नाई. तुम्ही त्या बैलगाडीवाल्या बुढ्यालेबी इतक्या खुशीनं हात करता, ते पाहून."

आता याला काय म्हणावं? माझ्या सगळ्या वेडेपणातला सर्वात मोठा वेडेपणा नेमका त्याच्या मनात बसला होता. मी तिथल्या तिथे फोन काढला.

"बाबा, सेलूला नाई म्हणून कळवा."

"बरं," बाबा म्हणाले. "अन् तुह्या मायले कारण काय सांगू?"

मी फोन धर्मेंद्रच्या हातात दिला. त्याने तो विंचू धरावा तसा धरला.

"ज... जयभीम, काका. मी धर्मेंद्र. त्या... वांग्यावाल्या बाईचा पोरगा." त्याने फोन दोन्ही हातांनी धरला. "मले तुमच्या काजलसंगं लग्न करायचं हाय."

"आवाज नाई येऊन राह्यला," बाबांचा आवाज मला बाजूला उभ्या उभ्या ऐकू आला. "जोरात बोल."

धर्मेंद्रने छाती भरून घेतली आणि असा बोलला, की मेथी बांधणाऱ्या चतुराबाई उठून उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या वावरातल्या बायांनी कापूस वेचायचं थांबवलं. "मले तुमच्या काजलसंगं लग्न करायचं हाय, काका."

बाबा अगदी सावकाश म्हणाले, "आयकू तं मले पह्यल्यांदाच आलतं. पण सांगणारा तू स्वतःच हाय, एवढं पक्कं करून घेतलं. ये संध्याकाळी, मायले घेऊन येजो."